ठराव वर गेला, उत्तर खाली आलं नाही: सावंतवाडी-दोडामार्गच्या २५ गावांचं प्रकरण

सिंधुदुर्गातल्या कुठल्याही ग्रामपंचायतीत जा, मागच्या लोखंडी कपाटात एक जाडजूड वही असते. ग्रामसभेचं इतिवृत्त. आधी विषय क्रमांक, मग दोन ओळींत उरकलेली चर्चा, मग ठराव, खाली सूचक आणि अनुमोदक, आणि शेवटी ‘ठराव सर्वानुमते मंजूर’. पुढच्या पानांवर हजर असलेल्यांच्या सह्या. जुन्या वह्यांत मधूनमधून निळ्या शाईतले अंगठे. रस्ता, नळपाणी, पाणंद, स्मशानशेड असे बहुतेक विषय.

२०१०-११ च्या सुमारास सावंतवाडी आणि दोडामार्ग तालुक्यांतल्या सुमारे २५ गावांच्या वह्यांत एक वेगळाच ठराव लिहिला गेला. आमचं गाव पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र (खाणीसारख्या कामांवर निर्बंध आणणारा सरकारी दर्जा) म्हणून जाहीर करा, अशी त्यात मागणी होती. गावानं स्वतःहून, कुणी न विचारता, स्वतःवर निर्बंध मागून घेतले होते. जैवविविधतेच्या कारभारात ‘लोकसहभाग’ हा शब्द सरकारी कागदांत हजारदा येतो. हा त्याचा इतका स्वच्छ नमुना होता की तो हातून निसटावा याचं मला आजही वाईट वाटतं.

हे प्रकरण त्या ठरावांचं पुढे काय झालं याचं आहे. ठराव करणाऱ्या गावांची आणि त्यात पुढाकार घेतलेल्या माणसांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. समित्या, न्यायालय, राजपत्र हे सगळं सार्वजनिक नोंदीत आहे, म्हणून ते नावानिशी येईल.

पार्श्वभूमी

दोडामार्ग हा महाराष्ट्राचा दक्षिणेकडचा शेवटचा कोपरा. एका अंगाला गोवा, दुसऱ्या अंगाला घाट चढला की कर्नाटक. उत्तरेला राधानगरी आणि सह्याद्रीचं व्याघ्र राखीव क्षेत्र, दक्षिणेला गोव्याची आणि कर्नाटकातली अभयारण्यं. ही सगळी रानं एकमेकांना जोडणारा जो चिंचोळा पट्टा आहे, त्यात ही गावं बसतात. २००२ साली कर्नाटकातून रानहत्ती तिळारी खोऱ्यात उतरले, ते याच वाटेनं. वाघाचा वावरही याच वाटेनं.

इथली एक गोष्ट बाहेरच्याला पटकन कळत नाही. घाटावर जंगल म्हटलं की वनखात्याची जमीन डोळ्यांपुढे येते. सिंधुदुर्गात वनखात्याची जमीन थोडी. जे हिरवं दिसतं त्यातलं पुष्कळसं मालकीचं रान आहे, सातबाऱ्यावर दहा-वीस हिस्सेदारांची नावं असलेलं. खाली व्हाळाच्या म्हणजे ओढ्याच्या कडेनं सुपारीचं कुळागर म्हणजे बाग, वर काजू, त्याच्या वर रान, असा एकाच कुटुंबाचा डोंगर असतो. त्यामुळे इथे जंगल राखायचं तर वनखातं पुरत नाही, माणसं तयार व्हावी लागतात.

माणसं तयार झाली ती खाणीमुळे. या डोंगरांत लोहखनिज आहे. दोडामार्ग तालुक्यातल्या कळणे गावच्या खाणीची जनसुनावणी २००८ मध्ये झाली. पर्यावरण परिणाम अहवाल मराठीत वेळेवर मिळाला नाही आणि मांडलेल्या हरकती पुरत्या नोंदल्या गेल्या नाहीत, ही गावकऱ्यांची तक्रार पुढे गाडगीळ समितीच्या (तिच्याबद्दल खाली) अहवालातही आली. डोंगराच्या पोटातून येणाऱ्या झऱ्यावर बागायती अवलंबून, आणि डोंगरच खणायचा, ही मुख्य हरकत होती. २००९ मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली. आसपासच्या गावांनी ते पाहिलं आणि पुढचा नंबर आपला, हे ओळखलं.

मार्च २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाट तज्ज्ञ समिती नेमली. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या खाणी, वीजप्रकल्प आणि एकूण विकासाबद्दल वेगळ्या शिफारशी करण्याचं कामही तिच्याकडे आलं. समिती जिल्ह्यात फिरली, लोकांशी बोलली. गावांना पहिल्यांदाच ऐकणारं कुणी भेटलं.

अडचण नेमकी कुठली

वरवर पाहता प्रश्न साधा आहे: जंगल वाचवायचं की खाण काढायची. पण माझ्या मते या प्रकरणाची गाठ त्याच्या आत आहे. इथे निर्णय घेण्याचा हक्क कुणाचा?

कागदावर उत्तर असं. जमीन राज्याच्या यादीत. वनं आणि वन्यजीव १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीपासून समवर्ती यादीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या हातात. मोठ्या खनिजांचं नियंत्रण केंद्राच्या कायद्यानं, पण लीज द्यायची राज्यानं. संवेदनशील क्षेत्र जाहीर करायचं ते १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली, म्हणजे केंद्रानं. ७३ व्या घटनादुरुस्तीनं ग्रामसभेला घटनेत जागा दिली, पण ग्रामसभेनं केलेल्या असल्या ठरावाचं वजन किती, ते कुठेच लिहिलेलं नाही. अनुसूचित क्षेत्र, म्हणजे घटनेखाली जाहीर झालेला आदिवासी भाग, असतं तर तिथल्या ग्रामसभांना जास्त अधिकार देणारा पेसा कायदा असता. सिंधुदुर्ग अनुसूचित क्षेत्र नाही. वनहक्क कायदा आहे, पण रान मालकीचं असेल तर त्याचा आधार तोकडा पडतो.

फरक किती मोठा पडतो ते ओडिशातल्या नियमगिरीनं दाखवलं. १८ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की डोंगरावरच्या धार्मिक आणि सामूहिक हक्कांचा विचार ग्रामसभांनी करावा. १२ ग्रामसभा भरल्या, बाराही जणींनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला, खाण थांबली. तिथल्या ग्रामसभेच्या पाठीशी कायदा उभा होता. दोडामार्गच्या ग्रामसभेच्या पाठीशी फक्त तिची वही.

राज्यशास्त्रात वैधता आणि अधिमान्यता असा फरक करतात. निर्णय कायद्यात बसला की वैध. ‘हा निर्णय घ्यायचा यांना हक्क आहे, आणि घेताना आम्हाला धरून घेतला’ असं लोकांनी मानलं की अधिमान्य. कळणेची मंजुरी वैध होती. अधिमान्य नव्हती. २५ गावांच्या ठरावांचं बरोबर उलट: गावात पूर्ण अधिमान्य, आणि कायद्याच्या दृष्टीनं एक विनंतीअर्ज.

गावांपुढचे पर्याय

गावांनी एकदम ‘इको सेन्सिटिव्ह’चा (म्हणजे संवेदनशील क्षेत्राचा) धोशा धरला असं मानणं चूक. हातात काय काय होतं ते बघितलं पाहिजे.

आंदोलन करायचं. ते चालूच होतं, पण आंदोलनानं एक लीज थांबते, पुढची येते. न्यायालयात जायचं, तर खर्च, मुंबईच्या खेपा, आणि निकाल कधी लागेल याचा नेम नाही. वन्यजीव कायद्याखाली संवर्धन राखीव क्षेत्र मागता येतं, पण ते सरकारी जमिनीवर. समुदाय राखीव क्षेत्र खासगी जमिनीवरही होतं, पण त्याला प्रत्येक हिस्सेदाराची तयारी लागते, आणि ज्या सातबाऱ्यावरचे निम्मे हिस्सेदार मुंबईत लालबाग-डोंबिवलीला आहेत तिथे सह्या गोळा करायच्या म्हणजे गणपतीची वाट बघायची.

२००२ चा जैवविविधता कायदा होता. त्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीला जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमता येते, लोक जैवविविधता नोंदवही करता येते, आणि राज्य सरकारकडे जैविक वारसास्थळाची मागणी करता येते. कायदा गावाच्या सर्वांत जवळचा हाच. पण महाराष्ट्राचं जैवविविधता मंडळ नागपूरला उभं राहिलं तेच २०१२ मध्ये, आणि वारसास्थळ ही छोट्या तुकड्याची सोय आहे. अख्ख्या डोंगररांगेवरची खाण तिनं अडत नाही.

उरलं संवेदनशील क्षेत्र. त्यात जमिनीची मालकी बदलत नाही, कुणी उठवलं जात नाही, आणि खाण बंद होते. धोकाही गावांना ठाऊक होता. महाबळेश्वर-पाचगणी २००१ मध्ये असंच क्षेत्र जाहीर झालं होतं, वरून लादलेलं. तिथे साध्या कामाच्या परवानगीसाठी लोकांना कसं नाडलं जातं, याची चिकित्सा खुद्द गाडगीळ समितीनंच केली आहे. म्हणून इथल्या लोकांच्या मागणीत एक अट गर्भित होती: क्षेत्र जाहीर करा, पण नियम आमच्याशी बोलून ठरवा. माझ्या मते सगळ्या प्रकरणातला सर्वांत शहाणा क्षण तो हाच. गावांनी संरक्षण मागितलं आणि त्याच दमात कारभारातला वाटाही मागितला.

काय झालं

गाडगीळ समितीनं ३१ ऑगस्ट २०११ ला अहवाल दिला. सुमारे १ लाख २९ हजार चौरस किलोमीटरचा सगळा पश्चिम घाट संवेदनशील मानून त्याचे तीन स्तर पाडले, आणि ही आखणी तात्पुरती समजावी, शेवटची रेघ ग्रामसभांशी चर्चा करून मारावी, असं सुचवलं. सिंधुदुर्गातल्या ग्रामसभांच्या ठरावांची नोंद घेतली. वर पश्चिम घाट परिस्थितिकी प्राधिकरण, खाली राज्य आणि जिल्हा पातळीवरच्या समित्या, अशी उतरंड सुचवली.

इथे पहिली मोठी चूक झाली, आणि ती केंद्राची. अहवाल मंत्रालयानं दाबून ठेवला. माहिती अधिकारात मागितला तरी दिला नाही. केंद्रीय माहिती आयोगानं आदेश दिला, मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, तिथे हरलं, आणि मे २०१२ मध्ये अहवाल लोकांपुढे आला. जवळपास नऊ महिने. ज्या अहवालाचा गाभाच ‘लोकांना विचारा’ हा, तो लोकांपासून लपवला गेला. त्या नऊ महिन्यांत अफवांनी जागा घेतली: घर बांधता येणार नाही, काजू लावता येणार नाही, गुरं चारता येणार नाहीत, गावं उठवणार. खरा कागद समोर नसला की खोट्या कागदाला किंमत येते. अहवाल बाहेर आला तोही इंग्रजीत, काही शे पानांचा.

ऑगस्ट २०१२ मध्ये दुसरी समिती आली, अवकाशशास्त्रज्ञ के. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखाली. तिचा अहवाल एप्रिल २०१३ चा. या समितीनं उपग्रह प्रतिमांवरून नैसर्गिक भूदृश्य (रान) आणि सांस्कृतिक भूदृश्य (शेती, बागा, वस्ती) वेगळं काढलं आणि ज्या गावात २० टक्के किंवा जास्त क्षेत्र संवेदनशील दिसतं ते अख्खं गाव यादीत घेतलं. सहा राज्यांतली ४,१५६ गावं, सुमारे ६० हजार चौरस किलोमीटर. महाराष्ट्राची २,१५९ गावं.

दोडामार्ग तालुका त्या यादीत आला नाही. तिथल्या ज्या गावांनी हात वर करून ‘आम्हाला घ्या’ म्हटलं होतं ती बाहेर, आणि ज्यांना कुणी विचारलं नव्हतं अशी शेकडो गावं आत.

वरच्या एका वाक्यात मला या प्रकरणाचं सगळं दुखणं दिसतं. उपग्रहाला रान दिसतं, ठराव दिसत नाही. गाव हा एकक धरणं हे गाडगीळ समितीच्या तालुकानिहाय आखणीपेक्षा बारीक होतं, हे मी मान्य करतो. पण गाव निवडलं ते आकाशातून. गाडगीळांनी मे २०१३ मध्ये कस्तुरीरंगन यांना उघड पत्र लिहिलं, त्यातला मुख्य आक्षेप हाच होता: आर्थिक निर्णयात स्थानिकांना स्थान नाही असं मानणं घटनेच्या विकेंद्रीकरणाच्या विरुद्ध जातं.

पुढे घटना भराभर घडल्या. मुंबई उच्च न्यायालयात सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्याबद्दल जनहित याचिका होत्या; २०१३ साली न्यायालयानं या पट्ट्यात वृक्षतोडीला बंदी घातली आणि क्षेत्र संवेदनशील जाहीर करण्याचा विचार करायला सांगितलं. १३ नोव्हेंबर २०१३ ला केंद्रानं कस्तुरीरंगन यादीतल्या गावांत खाणी, दगडखाणी, औष्णिक वीजप्रकल्प, लाल प्रवर्गातले (सर्वांत जास्त प्रदूषण करणारे) उद्योग आणि २० हजार चौरस मीटरच्या वरची बांधकामं रोखली. मार्च २०१४ मध्ये संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचा पहिला मसुदा. मग २०१५, २०१७, २०१८, २०२२, आणि सहावा ३१ जुलै २०२४ चा, वायनाडच्या दरडीनं गावंच्या गावं गिळली त्याच्या दुसऱ्या दिवशीचा. प्रत्येक मसुद्यावर ६० दिवसांत हरकती घ्यायच्या आणि ठराविक मुदतीत (आधी ५४५ दिवस, पुढच्या मसुद्यांना ७२५) अंतिम अधिसूचना काढायची. मुदत संपायची, नवा मसुदा निघायचा. दहा वर्षांत सहा मसुदे आणि अंतिम अधिसूचना एकही नाही.

केरळचा धडा, जो इथे उलटा गिरवला गेला

नोव्हेंबर २०१३ मध्ये केरळात इडुक्की, वायनाडच्या डोंगराळ भागात मोठा उठाव झाला. बंद, जाळपोळ, आणि पुढच्या लोकसभा निवडणुकीत इडुक्कीत हाच मुद्दा. केरळ सरकारनं राज्य जैवविविधता मंडळाचे अध्यक्ष ऊमेन व्ही. ऊमेन यांची समिती नेमली, गावोगाव जमिनीवर पाहणी केली, आणि राज्याचं संवेदनशील क्षेत्र १३,१०८ वरून ९,९९३ चौरस किलोमीटरवर आणलं. केंद्रानं ते मान्य केलं. सगळ्या मसुद्यांत ५६,८२५ चौरस किलोमीटर हा जो सहा राज्यांचा एकूण आकडा दिसतो, तो या कपातीतून आलेला.

पाहणी करून रेघ दुरुस्त करणं यात चूक काहीच नाही. गाडगीळ समितीनंही तेच सुचवलं होतं. मला खटकतं ते पुढचं. गावानं ‘नको’ म्हटलं, रस्त्यावर उतरून म्हटलं, तर रेघ हलली. गावानं ‘हवं’ म्हटलं, वहीत लिहून म्हटलं, तर रेघ हलली नाही. लोकांचं म्हणणं एकाच दिशेनं ऐकू येत असेल तर त्याला लोकसहभाग कसं म्हणायचं?

महाराष्ट्र सरकारनंही यादीतल्या गावांची मतं मागवली, आणि बहुतेक सूर विरोधाचा निघाला. त्या विरोधाला मी खोटं म्हणत नाही. मसुद्यात शेती-बागायतीवर बंदी नाही, घरदुरुस्तीला अडथळा नाही, हे स्पष्ट लिहिलेलं आहे. पण भारताचं राजपत्र हिंदी-इंग्रजीत निघतं, आणि गावात पोचतं ते कुणाच्या तरी तोंडून. ज्यांनी पोचवायचं त्यांतल्या अनेकांचे हितसंबंध खाणीत आणि जमिनीच्या व्यवहारात होते. न वाचलेल्या कागदाला दिलेला नकारही मोजायचा की नाही? मी म्हणेन मोजायचा, पण कागद वाचून दाखवून पुन्हा विचारायचं. ते दुसऱ्यांदा विचारणं कुणीच केलं नाही.

न्यायालयाचा आधार, आणि त्याची किंमत

पुढची दहा वर्षं या पट्ट्याला खरं संरक्षण मिळालं ते वृक्षतोड बंदीचं. ते नसतं तर आज इथे काय उरलं असतं, सांगवत नाही. तरी बेकायदा तोडीच्या तक्रारी न्यायालयापुढे येत राहिल्या. डोंगरच्या डोंगर मोकळे करून रबर आणि अननस लावले गेले.

पण बंदीचा जाच कुणाला झाला, तेही लिहिलं पाहिजे. घराचं आढं बदलायला स्वतःच्या रानातला फणस तोडणारा माणूस अडकला. मोठी यंत्रं लावून तोडणारा बहुतेक वेळा निसटला. न्यायालय खाण थांबवू शकतं, आदेश देऊ शकतं. कुणाचा फणस आणि कुणाचा डोंगर हा बारकावा मुंबईतून पाहू शकत नाही. तो बारकावा ग्रामसभेला ठाऊक असतो. गावाची मागणी गावाच्या हातातून निघून वकिलांच्या हातात गेली, आणि ‘इको सेन्सिटिव्ह’ म्हणजे कोर्टाची बंदी, असं समीकरण लोकांच्या मनात बसलं. ठराव करणाऱ्यांनाच पुढे गावात तोंड चुकवावं लागावं, यासारखं दुःख नाही.

२९ जुलै २०२१ ला कळणेच्या खाणीचा बांध फुटला. लाल चिखलाचं पाणी घरांत आणि बागायतीत घुसलं. तेरा वर्षांपूर्वीच्या जनसुनावणीत पाण्याबद्दल जे बोललं गेलं होतं ते त्या दिवशी सगळ्यांना आठवलं.

मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं २५ गावांच्या संवेदनशील क्षेत्राची प्रक्रिया चार महिन्यांत मार्गी लावायला केंद्राला सांगितलं आणि वृक्षतोड बंदी कायम ठेवली. ठरावांना न्याय मिळाला तो तेरा-चौदा वर्षांनी, आणि तोही न्यायालयाच्या दारातून.

जे जमलं

दोन गोष्टी याच काळात, याच तालुक्यात जमल्या. २०२० मध्ये राज्यानं तिळारी संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर केलं, २९.५३ चौरस किलोमीटर. ते वनखात्याच्या जमिनीवर होतं, म्हणून लवकर झालं.

दुसरी गोष्ट मला जास्त जवळची. हेवाळे-बांबर्डे इथली देवराई. अडीच हेक्टरांच्या आसपासची जागा. आत शिरलं की उन्हाळ्यातही पायाखाली चिखल, आणि त्या चिखलातून गुडघे वर काढावेत तशी रानजायफळाची मुळं वर आलेली. पाणथळीत श्वास घ्यायला झाडानं केलेली सोय. गोड्या पाण्याची असली दलदल फार थोड्या ठिकाणी उरली आहे. २०२१ मध्ये तिला जैविक वारसास्थळाचा दर्जा मिळाला.

ही राई इतकी वर्षं टिकली ती कुठल्या अधिसूचनेनं? कोकणात राईतलं झाड तोडायचं तर आधी देवाला गाऱ्हाणं घालायचं, कौल घ्यायचा. कौल मिळाला नाही तर विषय संपला. मानकरी, गावकर, पुजारी यांची उतरंड त्यामागे उभी असते, आणि ती उतरंड काही समतेची नाही. बायकांना आणि खालच्या मानलेल्या जातींना तिथे शब्द नव्हता, हे विसरून चालणार नाही. पण नियम कुणी केला, मोडला तर काय, विचारायचं कुणाला, हे गावातल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं. सरकारी कारभाराच्या पातळ्या मोजताना या आणखी एका पातळीला कुणी धरत नाही. वारसास्थळाच्या वेळी ती धरली गेली. राखण गावाची, वर सरकारचा शिक्का. म्हणून तिथे कुणी मोर्चा काढला नाही.

निर्णयाचे क्षण आणि वेगळं काय करता आलं असतं

पहिला क्षण, २०११ चा सप्टेंबर. अहवाल त्याच महिन्यात मराठी, कानडी, मल्याळम, कोकणी, तमिळ, गुजरातीत गावोगाव गेला असता तर विरोध झालाच नसता असं मी म्हणत नाही. पण विरोध कशाला, ते स्पष्ट राहिलं असतं.

दुसरा क्षण कस्तुरीरंगन समितीच्या यादीचा. उपग्रहाची चाळणी लावल्यावर एक साधी पुरवणी यादी करता आली असती: ज्या ग्रामसभांनी स्वतः ठराव केले आहेत ती गावं. २५ गावं. ४,१५६ च्या पुढे २५. या गावांना आधी क्षेत्र जाहीर केलं असतं, नियम त्यांच्याशी बसून ठरवले असते, आणि पाच वर्षांत शेजारच्या गावांनी पाहिलं असतं की काजू लावता येतो, घर बांधता येतं, फक्त खाण येत नाही. पश्चिम घाटाच्या भांडणात सगळ्यांत मोठी उणीव होती ती डोळ्यांनी पाहता येईल अशा एका गावाची. ती गावं समोर चालून आली होती.

तिसरा, न्यायालयीन बंदीचा. बंदीबरोबरच घरगुती वापराच्या तोडीचा निर्णय ग्रामसभेकडे, वनखात्याच्या देखरेखीखाली, अशी वाट काढता आली असती. मग बंदी गावाची राहिली असती.

चौथा मुद्दा गावांच्या स्वतःच्या बाजूचा, आणि तो सांगताना मला थोडं जड जातं. ठराव करून गावं थांबली. सर्वानुमते मंजूर झालेल्या ठरावात रबराला जमीन विकणारा होता का, मुंबईकर हिस्सेदार होते का, बायका किती होत्या? याची नोंद नीट ठेवली असती, दर वर्षी २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव पुन्हा वाचला असता, आपलं क्षेत्र आणि आपले नियम स्वतःच लिहून काढले असते, तर नंतर ‘हे मूठभरांचं म्हणणं’ असं म्हणणं अवघड गेलं असतं. कायद्याचं वजन नसलेल्या ठरावाला वजन येतं ते त्याच्या पुनरुच्चारानं.

जैवविविधता समित्यांकडून तरी हे काम व्हायला हवं होतं. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं समित्या आणि नोंदवह्या पूर्ण करायला जानेवारी २०२० अखेरची मुदत आणि त्यानंतर राज्याला दरमहा १० लाखांचा भुर्दंड लावल्यावर देशभर समित्यांचे आकडे काही हजारांवरून लाखांत गेले. महाराष्ट्रात २८ हजारांहून जास्त समित्या झाल्या. मुदतीच्या धाकानं अनेक ठिकाणी नोंदवह्या बाहेरच्या संस्थांनी एकमेकींसारख्या भरल्या. समितीच्या सदस्यालाच आपण सदस्य असल्याचं ठाऊक नाही, अशीही गावं आहेत. वरून आलेल्या आदेशानं खाली संस्था उभी राहते, तिच्यात जीव येत नाही.

आणि सगळ्यांत आधी करण्याजोगी दुरुस्ती अगदी छोटी आहे. पर्यावरण संरक्षण नियमांत मसुद्यावरच्या हरकतींचा विचार करण्याची तरतूद आहे. तिला एक कलम जोडावं: संवेदनशील क्षेत्रासाठी ग्रामसभेनं स्वतःहून ठराव केला असेल, तर सक्षम अधिकाऱ्यानं ठराविक दिवसांत, त्या राज्याच्या भाषेत, कारणांसह उत्तर द्यावं. मान्य किंवा अमान्य. आणि ते उत्तर पुढच्या ग्रामसभेत विषय क्रमांक एक म्हणून वाचलं जावं, त्याच वहीत चिकटवलं जावं, जिथे २०११ च्या आसपासच्या त्या ठरावाचं पान अजून आहे.